भंगार कोणी ठरवावे?

सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक आकृती उभी राहते. काळा रंग, सरळ दांडी, मागे भक्कम कॅरियर आणि कॅरियरला दुधाच्या किटल्या नाहीतर टपालाची पिशवी. ही सायकल वीस वर्षांची झाली तरी तिला कोणी टाकाऊ म्हणत नाही. टायर झिजला की टायर बदलतात, छर्रे खराब झाले की छर्रे बदलतात, रिमचा आउट काढतात आणि ती पुन्हा रस्त्याला लागते. जुनी आणि निकामी हे दोन शब्द सायकलीच्या बाबतीत आपण कधी एका अर्थाने वापरलेच नाहीत.

परंतु याच सायकलीची एक श्रीमंत बहीण आहे. डोंगरातल्या खडकाळ पायवाटांवर चालवण्यासाठी केलेली ही माउंटन बाइक. तिच्या जगातला न्याय वेगळा आहे. तेथे दहा वर्षांची सायकल म्हातारी समजली जाते आणि तीस वर्षांची तर भंगारातच जमा होते. अशा भंगारातून १९९० च्या आसपासची, टायटॅनियम आणि कार्बन यांची, एके काळी कमालीची महाग असलेली सायकल शोधून काढायची, तिचा सांगाडा तपासायचा आणि एकेक भाग जमवून ती पुन्हा उभी करायची, हा छंद अमेरिकेत आणि युरोपात चांगलाच रुजला आहे. त्या लोकांना कोणी वेडे म्हणते, तर कोणी रिकामटेकडे श्रीमंत म्हणते. मला मात्र या वेडात एक शहाणपण दिसते. ते कोणते, आणि कोणत्या मर्यादेपर्यंत ते शहाणपण राहते, हे येथे मांडावयाचे आहे.

प्रथम या सायकलीचे कूळ पाहू. माउंटन बाइकचा जन्म कोणत्याही कारखान्यात झाला नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरिन नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तेथील काही तरुणांनी १९७० नंतरच्या दशकात १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या, बोजड, टाकून दिलेल्या सायकली गोळा केल्या. त्यांचे मडगार्ड काढले, त्यांना मोटारसायकलीच्या ब्रेकच्या मुठी आणि गिअर बसवले आणि त्या डोंगरावरून खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. त्या उताराचे नाव ‘रीपॅक’ असे पडले, कारण मागच्या चाकाच्या हबमध्ये असलेला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हबमध्ये नवे ग्रीस भरावे लागे. पुढे याच मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ मध्ये या कामासाठी मुद्दाम नवा सांगाडा तयार केला, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजंपर’ ही मोठ्या प्रमाणावर तयार होणारी सायकल बाजारात आली.

सांगायचा मुद्दा हा की, माउंटन बाइक मुळात जुन्या सायकली पुन्हा बांधण्यातूनच निर्माण झाली. तेव्हा आज जो कोणी तीस वर्षांपूर्वीचा सांगाडा घेऊन बसतो, तो या खेळाच्या मूळ परंपरेलाच धरून चालला आहे. ‘जुने टाका, नवे घ्या’ हा विचार या कुळात मागाहून शिरला.

आता त्या सांगाड्याविषयी. टायटॅनियम हा पोलादाहून पुष्कळ हलका धातू आहे. एक घनसेंटिमीटर पोलादाचे वजन सुमारे ७.८ ग्रॅम भरते, तर टायटॅनियमचे ४.५ ग्रॅम. तो गंजत नाही, म्हणून त्याला रंगाचीही गरज नसते. ओरखडा उठला तर भांडी घासायच्या घासणीने हलक्या हाताने घासून तो घालवता येतो. सायकलीसाठी वापरतात त्या मिश्रधातूत ३ टक्के ॲल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम असते. विमानात दाबाखालील तेल वाहून नेणाऱ्या नळ्यांसाठी हाच मिश्रधातू वापरला जात होता, आणि तेथूनच तो सायकलीत आला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८६ मध्ये स्थापन झालेली मर्लिन ही या कामातली एक अग्रगण्य कंपनी. टायटॅनियम जोडणे मात्र सोपे नाही. तापलेला असताना तो हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतो आणि ठिसूळ बनतो. म्हणून आर्गॉन वायूच्या आवरणाखाली, अत्यंत स्वच्छ हातांनी, सावकाशपणे वेल्डिंग करावे लागते. चांगल्या कारागिराने केलेला टायटॅनियमचा सांधा पाहिला तर पडलेल्या नाण्यांच्या ओळीसारखी एकसारखी वळी दिसते.

कार्बनची गोष्ट निराळी. तो धातूच नव्हे. केसाहून बारीक तंतू एपॉक्सी नावाच्या चिकट द्रव्यात भिजवून, थरावर थर देऊन ही नळी तयार होते. वजनाच्या मानाने ती विलक्षण ताठ असते. प्रश्न येतो तो या नळ्या एकमेकींना जोडायच्या कशा, हा. आरंभी पुष्कळांनी ॲल्युमिनियमचे सांधे करून त्यांत कार्बनच्या नळ्या चिकटवल्या. पण कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारे पाणी शिरले, मग ते समुद्राचे असो की सायकलस्वाराच्या घामाचे, की तेथे एक लहानशी विद्युतघटमालाच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाऊन जाते. चिकटवलेला सांधा हळूहळू सुटतो. टायटॅनियमचे कार्बनशी असे भांडण होत नाही. म्हणून सांधे टायटॅनियमचे आणि नळ्या कार्बनच्या, ही योजना पुढे आली. स्पेशलाइज्डची ‘एपिक अल्टिमेट’ ही १९९० च्या सुमाराची सायकल या योजनेचे ठळक उदाहरण आहे. याच कंपनीच्या संघातला नेड ओव्हरेंड १९९० मध्ये कोलोरॅडोतील डुरँगो येथे माउंटन बाइकचा पहिला अधिकृत जगज्जेता ठरला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळात या खेळात केवढी चढाओढ होती याची कल्पना येईल.

ही सायकल मग म्हातारी कशी झाली? टायटॅनियम गंजले नाही, आणि नीट राखलेला कार्बनही कुजला नाही. बदलली ती मापे. त्या काळी चाक २६ इंचांचे असे. पुढे २९ इंची आणि साडेसत्तावीस इंची चाके आली, आणि २०१२ नंतरच्या दोन-तीन वर्षांत महागड्या सायकलींमधून २६ इंची चाकाने जवळजवळ काढता पाय घेतला. मागच्या हबची रुंदी १३५ मिलिमीटर होती. ती १४२ झाली आणि मग १४८ झाली. हँडलखालच्या नळीचा व्यास बदलला. रिमवर रबर घासणारे ब्रेक गेले आणि तबकडीचे डिस्क ब्रेक आले. पुढे तीन आणि मागे आठ अशा चकत्यांच्या जागी पुढे एक आणि मागे बारा अशी रचना २०१६ पासून रूढ होऊ लागली. यातला प्रत्येक बदल थोडासाच होता. परंतु प्रत्येक बदलाबरोबर जुन्या सांगाड्याला बसणारा एकेक भाग दुकानातून नाहीसा होत गेला.

हे सारे बदल खोटे होते असे मी म्हणणार नाही. मोठे चाक दगडांवरून अधिक सहज जाते, आणि चिखलात डिस्क ब्रेक रिमच्या ब्रेकपेक्षा भरवशाचा ठरतो. हे नाकारणारा माणूस जुन्याच्या मोहात आंधळा झाला आहे असे खुशाल समजावे. माझा आक्षेप सुधारणेला नसून, सुधारणा करताना मागच्यांना वाऱ्यावर सोडण्याला आहे. मागच्यांना बरोबर घेऊन पुढे जाता येते, याचा पुरावा याच उद्योगाच्या इतिहासात आहे. मागच्या ज्या हबवर आठ चकत्यांचा संच बसे, त्याच हबवर पुढे आलेला नऊ चकत्यांचा संचही बसतो. शिमानो कंपनीने १९९६ मध्ये ‘व्ही ब्रेक’ आणला. तो आधीच्या ब्रेकसाठी सांगाड्यावर असलेल्या त्याच दोन खुंट्यांवर बसतो, फक्त मुठी बदलाव्या लागतात. म्हणजे इच्छा असली की मार्ग निघतो. जेथे तो निघाला नाही, तेथे नेहमीच विज्ञानाची अडचण होती असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळदा अडचण विक्रीची होती.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्या २६ इंची चाकाला श्रीमंत देशांतल्या बाजाराने मृत ठरवले, ते आपल्याकडे धडधाकट जिवंत आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या जाड टायरच्या स्वस्त सायकलींना तेच चाक असते, आणि त्याची ट्यूब व टायर तालुक्याच्या गावीही मिळतात. तेव्हा एखादी वस्तू ‘कालबाह्य’ आहे असे कोणी सांगितले, की कोणाच्या बाजारात कालबाह्य, असे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. या छंदात दोन पंथ आहेत, आणि दोघांचेही एकमेकांशी मुळीच पटत नाही.

पहिला पंथ शुद्धतावाद्यांचा. सायकल ज्या वर्षाची, त्या वर्षाच्या छापील माहितीपुस्तकात जे भाग दाखवले आहेत तेच तिला असले पाहिजेत, असा यांचा आग्रह असतो. १९९२ ची सायकल असेल तर त्या वर्षी आलेला शिमानोचा ‘एक्सटीआर’ संचच हवा, त्याच्या पुढच्या पिढीचा चालणार नाही. या पंथाचे ऋण मी मानतो. जुनी पुस्तके, छायाचित्रे, सांगाड्यावरचे क्रमांक ताडून पाहून हे लोक कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून घुसडलेला हे ठरवतात. आपल्या प्राध्यापकांना हे काम ओळखीचे वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, ती याच वृत्तीने. अनेक पोथ्या समोर ठेवायच्या, पाठ ताडायचे आणि प्रक्षिप्त भाग वेगळा काढायचा. विषय लहानमोठा असेल, पण शिस्त एकच आहे. मात्र महाभारताची शुद्ध प्रत तयार झाली ती वाचण्यासाठी. शुद्धतावाद्यांच्या सायकली पुष्कळदा भिंतीवर टांगल्या जातात. मूळचा टायर झिजेल म्हणून त्या रस्त्यावर येत नाहीत. ज्या वस्तूचे सारे गुण तिच्या चालण्यात आहेत, तिला चालू न देणे हा तिचा सन्मान नव्हे.

दुसरा पंथ नवमतवाद्यांचा. ‘सांगाडा चांगला आहे ना, मग बाकी सगळे आजचे बसवा’ हे त्यांचे म्हणणे. ऐकायला ते व्यवहारी वाटते. पण सांगाडा ही नुसती खुंटी नव्हे, की काहीही आणून तिच्यावर अडकवावे. १९९० च्या सुमारास आलेल्या झटके शोषणाऱ्या पहिल्या चिमट्यांची हालचाल पाच सेंटिमीटरच्या आसपास असे. त्या बेताने केलेल्या सांगाड्याला आजचा दहा-बारा सेंटिमीटर हालचालीचा उंच चिमटा लावला, तर पुढचा भाग वर उचलला जातो, हँडलच्या नळीचा कोन बदलतो, सायकल वळताना जड होते आणि पुढच्या सांध्यावर करणाऱ्याने कधी कल्पिला नव्हता असा ताण येतो. त्याहून वाईट म्हणजे, डिस्क ब्रेक बसवण्यासाठी काही जण चिकटवलेल्या सांध्याजवळ वेल्डिंग करायला निघतात. ती उष्णता एपॉक्सीला सोसत नाही. तीस वर्षे टिकलेला सांधा एका दुपारी जातो. ज्याने ही वस्तू केली त्याचा विचार समजून न घेता तिच्यात हात घालणे ही दुरुस्ती नव्हे, तो उद्दामपणा आहे.

माझे मत या दोहोंच्या मधले आहे, पण ते केवळ तडजोडीचे नाही. सायकल बांधणाऱ्याने प्रत्येक भागापुढे एकच प्रश्न ठेवावा: हा भाग मोडला तर काय होईल? गिअर बदलणारी कळ बिघडली तर फार तर पायी घरी यावे लागेल. तेव्हा ती मूळचीच असावी, जुनी असावी, कुरकुरणारी असली तरी चालेल. पण हँडल मोडले तर माणूस तोंडावर आपटतो. ॲल्युमिनियमला पुन्हा पुन्हा बसणाऱ्या धक्क्यांचा थकवा साचत जातो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तीस वर्षांपूर्वीचे हलके हँडल आणि ते धरून ठेवणारा भाग कितीही देखणा असला तरी काचेच्या कपाटात ठेवावा आणि सायकलीला नवा लावावा. ब्रेकचे रबर आणि तारा नव्या घ्याव्यात. जुन्या चिमट्यातले रबरासारखे ठोकळे एव्हाना चिकट गोळा तरी झालेले असतात किंवा दगड तरी. ते बदलावेत, नाहीतर साधा ताठ चिमटा बसवावा. जेथे जिवाचा प्रश्न आहे तेथे इतिहासाने मागे सरावे, आणि जेथे केवळ सोयीचा प्रश्न आहे तेथे सोयीने मागे सरावे. एवढा एक नियम पाळला तर दोन्ही पंथांचे पुष्कळसे भांडण मिटेल.

या नियमाचा सर्वांत कठोर भाग सांगाड्यालाच लागू होतो. कार्बनच्या नळीवर नाण्याने हलके टकटक करीत जावे. आवाज खणखणीत येता येता एखाद्या ठिकाणी बद्द झाला तर आतले थर सुटल्याचा संशय घ्यावा. जेथे नळी धातूत शिरते तेथे बारीक रेघ दिसते का, जोर दिल्यावर करकर आवाज येतो का, ते पाहावे. टायटॅनियमच्या भागात पायडलच्या धुरीभोवती आणि चेनच्या बाजूच्या नळीवर केसासारखी चीर शोधावी. धातू बहुधा वाकून, चिरून आगाऊ सूचना देतो. कार्बन पुष्कळदा देत नाही. सांधा हलत असेल तर मात्र भावनेला थारा देऊ नये. त्या सांगाड्याने भिंतीवरच जावे. ‘जुने ते सोने’ ही म्हण कसोटीच्या दगडाशिवाय निरर्थक आहे.

आणि सांगाडा निर्दोष ठरल्यावरही कामात धीर लागतो. टायटॅनियमचे आटे कोरडे फिरवले तर ते एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून प्रत्येक आट्याला तांब्याची पूड असलेला लेप लावावा लागतो. टायटॅनियमच्या नळीत ॲल्युमिनियमचा सीटचा दांडा बिनलेपाचा वर्षानुवर्षे ठेवला, तर तो पुढे निघता निघत नाही. कार्बनवर पाना आवळायचा तो हाताच्या अंदाजाने नव्हे, तर जोर मोजणाऱ्या पान्याने. ही सारी माहिती वाचून मिळते, पण मुरते ती हातात.

या विचारावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो योग्यही आहे. ज्या देशात कित्येक मुलांना शाळेत जायला साधी सायकल मिळत नाही, तेथे परदेशातल्या महागड्या सायकलींचे लाड कशाला सांगता? माझे उत्तर असे की, येथे प्रश्न लाडांचा नसून तत्त्वाचा आहे, आणि तत्त्व महाग वस्तूच्या उदाहरणात अधिक स्पष्ट दिसते. जी वस्तू विमानाच्या धातूची आहे, जी गंजत नाही, जी शंभर वर्षे टिकू शकेल, तीसुद्धा केवळ माप बदलून भंगारात काढता येत असेल, तर आपल्या घरातला मिक्सर, पंखा आणि दूरध्वनी यांची काय कथा? टायटॅनियम ज्या खनिजातून निघते ते इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही आहे. वाळूपासून धातूपर्यंतचा प्रवास प्रचंड उष्णतेचा आणि खर्चाचा असतो. कार्बनची नळी तर वितळवून पुन्हा नवी करता येत नाही. एवढे श्रम आणि एवढी ऊर्जा ज्या वस्तूत साठली आहे ती फेकणे ही उधळपट्टी आहे, मग ती फेकणारा श्रीमंत असो की गरीब.

आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारवाहने ही चार क्षेत्रे त्यात प्रथम घेतली. विकलेल्या वस्तूचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळाली पाहिजे, हा त्यामागचा विचार. तो योग्य दिशेचा आहे. पण हक्क कागदावर मिळाला तरी तो बजावण्यासाठी पाना धरता येणारा हात लागतो. आपल्या प्रत्येक गावात झाडाखाली पंपाची आणि पाण्याच्या घमेल्याची जोड घेऊन बसलेला सायकलवाला हे ज्ञान बाळगून आहे. आपण पदवीधर त्याला कारागीर म्हणतो आणि स्वतःला सुशिक्षित. वास्तविक एखादी वस्तू कशी उभी राहिली, कोठे झिजते आणि कशी सावरते हे ज्याला कळते, तोही एका अर्थाने वाचकच असतो. आपण पोथी वाचतो, तो यंत्र वाचतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. वस्तू भंगार केव्हा होते हे तिच्या सांध्यांनी सांगावे, दुकानदाराच्या यादीने नव्हे. सांधे पक्के असतील तर तिला पुन्हा उभी करावी, तिचा विचार समजून घेऊन करावी, आणि उभी केल्यावर डोंगरात न्यावी. तिच्या टायटॅनियमवर चिखल उडाला तर उडू द्यावा. धुतला की तो निघतो.